शिस्त मोठी की समता?



वाचनालयात शांतता पाळावी, हा नियम सर्वांना सारखा आहे. पण स्वमग्न मूल पुस्तक पाहताना डोलते, हात हलवते, एकच शब्द मोठ्याने पुन्हा पुन्हा म्हणते. त्या नियमाने त्याला बाहेर काढले तर तो न्याय होईल काय?

स्वमग्नता म्हणजे वेड नव्हे, आईबापांची चूक नव्हे आणि पूर्वजन्मीचे पाप तर मुळीच नव्हे. मेंदूची घडणच निराळी असते. ट्यूबलाइटची फडफड, पंख्याची घरघर, अनोळखी स्पर्श अशा मुलाला असह्य होऊ शकतो.

भोरहून वरंधा घाट उतरला की महाड येते. १९२३ च्या ठरावाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. तरी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी सत्याग्रह करावा लागला. कागदावर उघडलेले दार प्रत्यक्षात बंद असू शकते, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे आणि वाजवी सोय नाकारणे हाही त्यात भेदभावच मानला आहे. हा कायदा भोर-वेल्ह्याच्या वाचनालयांत दिसला पाहिजे.

चुल्लपंथकाला चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना, तेव्हा थोरल्या भावाने त्याला विहारातून जाण्यास सांगितले. भगवंतांनी त्याला परत बोलावले, हाती स्वच्छ कापडाचा तुकडा दिला आणि तो मळताना पाहूनच त्याला अनित्यतेचा बोध झाला. शिष्य तोच होता. शिकविण्याची रीत तेवढी बदलली.

आपणही रीत बदलू या. आठवड्यातून एक ठरलेला तास या मुलांसाठी ठेवावा. त्या तासाला आवाजाबद्दल कोणी रागावू नये. एक कोपरा व एक बसण्याची जागा कायम असावी. पुस्तक कोठून घ्यावे, कोठे बसावे, परत कोठे ठेवावे, हे चित्रांनी भिंतीवर दाखवावे. बोलणे थोडके व स्पष्ट असावे. ‘माझ्याकडे बघ’ असा हट्ट नको. तेच पुस्तक दहाव्यांदा मागितले तरी द्यावे.

परीक्षेचा अभ्यास करणाऱ्याने मग काय करावे? त्याचाही हक्क खरा आहे. म्हणूनच वेळ वाटून घ्यावी. यास मोठा खर्च लागत नाही, मैत्री लागते.

आपल्या विहारात पुस्तकांचे एक कपाट असेल, तर आरंभ तेथूनच करा. असे मूल घरात लपवून ठेवणाऱ्या आईला स्वतः जाऊन सांगा : बाई, त्याला घेऊन या, त्याची जागा राखून ठेवली आहे.