बाईच्या हातातला पैसा

बार्बरा कॅसल ब्रिटनच्या पंतप्रधान व्हायला हव्या होत्या, अशी हळहळ त्यांच्याबद्दल लिहिणारे हटकून व्यक्त करतात. मला ती पटत नाही. १९४५ ते १९७९ अशी सलग ३४ वर्षं त्या ब्लॅकबर्नमधून मजूर पक्षाच्या खासदार होत्या आणि या काळात त्यांनी जे केलं, ते कुठल्याही पदापेक्षा मोठं आहे. ब्लॅकबर्न हे लँकेशायरमधलं गिरण्यांचं शहर. ज्या मुलखातल्या कापडाच्या आपल्याकडे होळ्या झाल्या, त्या मुलखातलं. तिथल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या मागावर उभ्या राहून कमावत आल्या होत्या. बाईची कमाई म्हणजे वरखर्चाची सोय, हा समज तिथं टिकण्यासारखा नव्हता.

त्या वाहतूकमंत्री असताना, १९६७ साली, दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांची श्वासतपासणी सुरू झाली. स्वतःला गाडी चालवता न येणारी बाई आम्हाला काय शिकवणार, असा ओरडा झाला. पहिल्याच वर्षात रस्त्यावरचे मृत्यू हजाराहून अधिक कमी झाले.

१९६८ च्या जूनमध्ये डॅगनमच्या फोर्ड कारखान्यात गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवणाऱ्या १८७ जणींनी शिवणयंत्रं बंद केली. त्यांचं काम कुशल असूनही अकुशल श्रेणीत टाकलं होतं आणि वर त्या श्रेणीतल्या पुरुषांपेक्षा पगारही कमी. कव्हरांवाचून गाड्या अडल्या. रोजगारमंत्री कॅसलबाईंनी त्यांना दफ्तरात बोलावलं, चहा पाजला, बोलणी केली. पुरुषांच्या दराच्या ९२ टक्के पगारावर संप मिटला. श्रेणीचा न्याय मात्र १९८४ पर्यंत अडून राहिला. १९७० मध्ये समान वेतनाचा कायदा झाला, पण मालकांना तयारीसाठी १९७५ अखेरपर्यंत मुदत मिळाली. अनेकांनी तेवढ्यात बायकांची कामं वेगळी काढून ठेवली. ही मुदत फार महागात पडली, असं माझं स्पष्ट मत आहे.

मधल्या काळात, १९६९ मध्ये, संपांना शिस्त लावण्याच्या प्रस्तावावर त्यांचा सपशेल पराभव झाला. कामगार संघटना विरोधात गेल्याच, मंत्रिमंडळातून जेम्स कॅलहन यांनीही विरोध केला. तेच कॅलहन १९७६ च्या एप्रिलमध्ये पंतप्रधान झाले आणि त्यांनी कॅसलबाईंना मंत्रिमंडळातून काढलं.

तेव्हा त्यांचं सर्वांत मोलाचं काम अर्धवट होतं. मुलांमागे मिळणारी करसवलत बापाच्या पगारात जिरायची. कुटुंबभत्ता आईला मिळे, पण पहिल्या मुलासाठी तोही नाही. १९७५ च्या कायद्यानं दोन्हींच्या जागी एकच बालभत्ता आणला. पहिल्या मुलापासून, आणि तो आईच्या हाती. नवऱ्यानं पाकीट उघडलं तरच दूध येणार, अशा घरात याचा अर्थ काय होतो, हे वेगळं सांगायला नको. नवं सरकार कचरलं. नवऱ्यांच्या हाती पडणारा पगार घटेल, ते चिडतील, म्हणून योजना लांबणीवर टाकायचं ठरलं. मंत्रिमंडळाची कागदपत्रं फुटली, गदारोळ झाला. कॅसलबाई मागच्या बाकांवरून आपल्याच सरकारवर तुटून पडल्या. शेवटी १९७७ पासून टप्प्याटप्प्यानं भत्ता सुरू झाला. मंत्रिपद गेल्यावरही आपला कायदा वाऱ्यावर न सोडणारे राजकारणी मी फार थोडे पाहिले आहेत.

त्यांच्याच काळातल्या पेन्शनच्या कायद्यानं आणखी एक गोष्ट मान्य केली: मुलं सांभाळण्यात घरी गेलेल्या वर्षांमुळे बाईचं म्हातारपणचं पेन्शन बुडू नये. आधी पगार, मग भत्ता, मग पेन्शन. बाईच्या आयुष्याच्या प्रत्येक टप्प्यावर तिच्या हाती तिचा पैसा असावा, यासाठी त्या झगडत राहिल्या.

१९८० मध्ये थॅचर सरकारनं पेन्शनवाढीचा वेतनवाढीशी असलेला संबंध तोडला. २००० साली मजूर पक्षाच्याच सरकारनं आठवड्याला ७५ पेन्स वाढ दिली, तेव्हा नव्वदीला टेकलेल्या कॅसलबाई पक्षाच्या अधिवेशनात उभ्या राहिल्या आणि नेतृत्वाच्या तोंडावर हा संबंध परत मागितला. अधिवेशनानं कौल नेतृत्वाविरुद्ध दिला. सरकार तरीही हललं नाही. त्या २००२ मध्ये गेल्या. त्यांची मागणी कायद्यात आली ती २००७ मध्ये.