आधी धपाटा, मग मोबाइल

ये, बस इथे. काल व्याडेश्वराच्या पटांगणात चार माणसांदेखत पोराच्या पाठीत धपाटा घातलास, आणि तो रडायला लागल्यावर हातात मोबाइल दिलास. कशासाठी? तर त्याला चप्पल स्वतः घालायची होती आणि तुला घाई होती! कुठे आग विझवायला निघाला होतास?

‘फार हट्टी झालाय, बाई’ म्हणे. हट्टी नाही रे, दोन वर्षांचा होतोय. आपली इच्छा आईबापापेक्षा वेगळी असू शकते, हे त्याला आत्ता कुठे उमगतंय. ती सांगायला त्याच्यापाशी शब्द किती? ‘नाही’, ‘माझं’, ‘मी’. ते संपले की पोर जमिनीवर लोळण घेतं. राग आवरण्याइतका मेंदू पिकायला त्याला अजून बरीच वर्षं लागतील. तुझा तिशीतही पिकलेला दिसत नाही.

शेजारच्या मुलीला चेंडू दिला नाही म्हणून त्याला आपमतलबी म्हणालास. अरे, या वयाची मुलं एकमेकांच्या शेजारी बसून आपापलं खेळतात. वाटून घेणं पुढे येतं.

मला काळजी आहे ती बोलण्याची. दोन वर्षांपर्यंत पन्नासेक शब्द आणि ‘आई ये’, ‘पाणी दे’ अशी जोडी जमायला हवी. ती मोबाइल शिकवणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ सालीच सांगितलंय की दोन वर्षांच्या आत पडदा नको, आणि पुढेही दिवसाला तासाभराच्या आतच. मुंबईच्या आजीशी व्हिडिओ कॉलवर बोलला तर माझी ना नाही. पण वाडी शिंपताना त्याला बरोबर का नेत नाहीस? माड दाखव, पोफळ दाखव, संध्याकाळी समुद्रावर ने, आणि तो काय म्हणतो ते ऐकून उत्तर दे. सुपारीचं खांड मात्र हाती लागू देऊ नकोस, घशात अडकेल.

‘आमच्याकडे मुलगे उशिराच बोलतात’ हे मला ऐकवू नकोस. दोन शब्द जोडत नसेल तर डॉक्टरांना दाखव, कान तपासून घे.

गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि त्रिगुणीचा बूस्टर १६ ते २४ महिन्यांत द्यायचा असतो. दिलास? बायकोला माहीत असेल म्हणतोस? पोर तिचं एकटीचं आहे का? उद्या लसीकरणाचं कार्ड घेऊन ये, मी स्वतः बघणार आहे.