ओझे कोणाचे?

इंग्रजी पलटणींतील गोरे अंमलदार हिंदुस्थानात मोहिमेस निघत, तेव्हा घरसामान बरोबर नेत. ते मुद्दाम तसे घडविलेले असे. सागवानी खणांची पेटी दोन भागांत सुटे. तिच्या कोपऱ्यांस पितळी पत्रे असत. मेजाचे पाय फिरवून काढता येत. रुडकीच्या नावाने ओळखली जाणारी खुर्ची सोडली, म्हणजे काठ्या व कापड यांची मोळीच उरे. मालक मेला की सामानाचा छावणीतच लिलाव होई. आज विलायतेत अशा पेट्या मोठ्या किमतीस विकतात आणि नामांकित मालकाचे नाव कोरलेले असल्यास किंमत आणखी चढते.

कोणी म्हणेल, तंबूत राहणाऱ्या अब्राहामाप्रमाणे हा मनुष्य या जगात खरा प्रवासी होता. आम्हांस हे मान्य नाही. सामानाची घडी घालता आली म्हणून त्याग घडत नाही. पेटी दुभागली जाई ती जनावराच्या दोन्ही अंगांस सारखा भार बसावा म्हणून. मालकाचे ओझे दुसऱ्याच्या पाठीवर गेले, इतकेच.

1838 साली अफगाणिस्तानाकडे निघालेल्या बंगालच्या फौजेत लढणारे सुमारे 9,500 होते, तर बरोबरचे नोकरचाकर, उंटवाले व हमाल सुमारे 38,000. पानिपतावर गेलेल्या अशाच लोकांना आपली मराठी भाषा 'बाजारबुणगे' म्हणते, तेही तुच्छतेने! 1842 च्या जानेवारीत काबुलाहून माघार घेताना असे सुमारे 12,000 लोक बर्फात निघाले. त्यांतील बहुतेक मेले किंवा गुलाम झाले. या युद्धाच्या स्मरणार्थ मुंबईत कुलाब्यास बांधलेले मंदिर 1858 साली अर्पण झाले. तेथे अंमलदारांची नावे भिंतीवर आहेत. साधे शिपाई फार असल्यामुळे त्यांची नावे लिहिली नाहीत, असे तेथील लेख सांगतो. ओझेवाल्यांविषयी त्या लेखात शब्दही नाही.

आता गणनेच्या पुस्तकाचा चौथा अध्याय उघडा. निवासमंडपही घडीचाच होता. फळ्या सुटत, कोशास कड्या व दांडे होते. परंतु तो वाहणाऱ्या लेव्यांची मोजणी झाली: तीस ते पन्नास वर्षांचे 8,580 पुरुष. कोणी काय उचलावे हेही ठरवून दिले होते. देवाने आपल्या घराचे ओझे वाहणारा मनुष्य बेहिशेबी ठेवला नाही.

आपले जुने मिशनरीही हिवाळ्यात तंबू घेऊन खेडोपाडी फिरत. त्यांची नावे आपल्या मंदिरांच्या भिंतींवर आहेत, आणि ती असावीत. परंतु तंबू ज्याच्या गाडीतून आला, त्या गाडीवानाचे नाव किती मंडळ्यांस ठाऊक आहे? ज्या मंडळीच्या जुन्या वहीत ते सापडेल, तिच्या उपदेशकाने येत्या रविवारी ते मोठ्याने वाचून दाखवावे.