अर्ध्या पानाचा कागद

भांडी घासून झालेली असतात, ओटा पुसलेला असतो. पदराला हात पुसत मावशी दारात घुटमळतात. “वहिनी, एक कागद पायजे होता. मी तुमच्याकडं काम करते म्हणून लिहून द्या. कामगार ऑफिसात लागतोय.” वहिनी क्षणभर थांबतात. “यांना विचारून सांगते हं.” पुण्या-मुंबईतल्या कितीतरी घरांत हे बोलणं तिथेच थांबतं. पुन्हा विचारायचा धीर मावशींना होत नाही.

त्या कागदाची गरज कशी पडते ते आपण समजून घ्यायला हवं. महाराष्ट्रात २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. १८ ते ६० वर्षे वयाच्या, घरकाम करून पगार घेणाऱ्या कोणालाही या मंडळात नाव नोंदवता येतं, आणि त्या नोंदणीसाठीच हा कागद लागतो. अपघात झाला तर मदत, औषधपाणी, मुलांचं शिक्षण, बाळंतपण, मृत्यूनंतर अंत्यविधीचा खर्च, एवढ्या गोष्टी कायद्यात लिहिलेल्या आहेत. मंडळाचा कारभार रडतखडत चालला हे खरं, त्याबद्दल सरकारला जाब विचारायलाच हवा. पण नोंदणी नसली की मिळणारं थोडंही हातचं जातं. २०२१ च्या टाळेबंदीत राज्य सरकारने घरेलू कामगारांसाठी दीड हजार रुपये जाहीर केले ते नोंदणी झालेल्यांनाच. कामं सुटलेली, घरभाडं थकलेलं, आणि यादीत नाव नाही म्हणून दीड हजारही नाहीत. अशा वेळी दीड हजार म्हणजे महिन्याचं धान्य असतं.

लिहून द्यायला लोक का कचरतात? सही केली की बाई उद्या हक्क सांगेल, कोर्टात खेचेल, घरात ठाण मांडेल, असं काहीबाही मनात येतं. त्या कागदात असतं काय? अमुक बाई माझ्याकडे घरकाम करतात, अमुक तारखेपासून करतात, खाली नाव, पत्ता, सही. घराच्या मालकीशी त्याचा काडीचाही संबंध नाही. जी गोष्ट अख्ख्या सोसायटीला, वॉचमनला, दूधवाल्याला माहीत आहे, तीच फक्त लिहून द्यायची.

आता स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचं कॅलेंडर बघा. तारखांच्या चौकोनांत दुधाचा हिशेब असतो, सिलिंडर कधी लावला ते असतं आणि लाल पेनाने मारलेल्या फुल्या असतात. त्या मावशींच्या खाड्यांच्या. महिनाअखेरीला फुल्या मोजल्या जातात, पगारातून तेवढे पैसे जातात. मावशींची हक्काची सुट्टी मात्र त्या कॅलेंडरवर कुठेच नसते. नातू तापाने फणफणला होता की वस्तीत पाणी शिरलं होतं, हे फुलीवरून कळत नाही. ज्या घरात आजारपणाची रजा, किरकोळ रजा, हक्काची रजा हे सगळं नोकरीमुळे तोंडपाठ असतं, त्याच घरात हे चालतं याचं मला फार वाईट वाटतं.

या सुट्टीसाठी बायका भांडलेल्या आहेत. १९८० साली पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला. पगारवाढ, सुट्टी, आजारपणात पगार न कापणं, अशाच साध्या मागण्या होत्या. त्यातून संघटना उभी राहिली. दिवाळीला एक पगार बोनस द्यायचा हा रिवाज आज पुण्यातल्या अनेक घरांत आहे. तो आपोआप आलेला नाही, बायकांनी मागून घेतलेला आहे.

म्हणून कामाला लावतानाच बोलून घ्यावं. किती माणसांचं काम, पाहुणे आले तर जास्तीचे किती, आठवड्याची सुट्टी कोणती, वर्षाला पगार कधी वाढणार, काम सोडायचं किंवा बंद करायचं तर किती दिवस आधी सांगायचं. बोलण्यात संकोच वाटतो, दोन्हीकडून वाटतो. मावशींना तर काम हातचं जाईल ही धास्ती असते, तेव्हा आधी बोलायची जबाबदारी पगार देणाऱ्याची. १६ जून २०११ रोजी जिनिव्हात आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने घरकामगारांसाठी करार स्वीकारला, त्यातही कामाच्या अटी आधी समजावून सांगा, असंच म्हटलं आहे. भारताने त्याच्या बाजूने मत दिलं, पण त्याला अजून अधिकृत मान्यता दिलेली नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला घरकामगारांसाठी कायद्याचा विचार करायला सांगितलं. तो कायदा होईपर्यंत घरोघरी ठरेल तेच खरं.

एक गोष्ट मात्र आजही कायद्यात स्पष्ट आहे, आणि ती फार थोड्या घरांना ठाऊक असते. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात आपलं राहतं घरही कामाचं ठिकाण धरलेलं आहे, आणि घरकामगार बाई त्यात नावानिशी आहे. घरातल्या पुरुषाने अंगचटीला जाणं, नको ते बोलणं, हे सोसून गुपचूप काम सोडायचं एवढाच मार्ग तिच्यापुढे नाही. जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तीन महिन्यांच्या आत तक्रार करता येते. लिहिता येत नसेल तर समितीने लिहायला मदत केली पाहिजे. तक्रारीत सकृद्दर्शनी तथ्य दिसलं तर समितीने सात दिवसांत ती पोलिसांकडे पाठवायची आहे. मावशी असा छळ पहिल्यांदा सांगतात ते बहुधा दुसऱ्या कामाच्या घरातल्या एखाद्या वहिनीला, हलक्या आवाजात, भाजी निवडता निवडता. त्या वहिनीला ही समिती माहीत असली पाहिजे, आणि मावशींबरोबर तिथपर्यंत जायची तिची तयारी असली पाहिजे.