जागरणाची सेवा

शास्त्रपाठ : मत्तय २६:३६-४६, ईयोब २:११-१३



कर्करोग हाताबाहेर गेला असे डॉक्टर सांगतात, तेव्हा घरातील मंडळी रोग्यापुढे हसतमुखाने वावरतात आणि स्वयंपाकघरात येऊन डोळे पुसतात. रोग्याला बहुधा सारे उमगलेले असते. पण घरच्यांना दुःख नको म्हणून तोही गप्प राहतो. अशा रीतीने प्रेमापोटीच मध्ये भिंत उभी राहते आणि भरल्या घरात तो एकटा पडतो. आम्ही मंडळीचे लोक भेटीस जातो, "विश्वास धरा, बरे व्हाल," असे म्हणून घाईने प्रार्थना करतो व निघतो. आम्ही आपल्याच भीतीपासून पळत असतो, हे आम्हांला कबूल केले पाहिजे.

गेथशेमाने बागेत प्रभूने आपल्या जिवाची व्याकुळता पेत्र व जब्दीचे पुत्र यांच्यापासून लपविली नाही. त्याने त्यांच्याजवळ उपदेश मागितला नाही, सोबत मागितली. आणि ते झोपी गेले. देवाच्या पुत्राला जी सोबत हवी होती, ती हवी असणाऱ्या रोग्याला आम्ही अल्पविश्वासी कसे म्हणावे? ईयोबाचे मित्र सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ मुकाट्याने बसले, तोवर ते मित्र होते. पुढे ते त्याचे पाप शोधू लागले आणि त्याच्या दुःखात भर पडली.

ख्रिस्ती डॉक्टर सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ साली लंडन येथे सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस सुरू केले. अशा रोग्याची वेदना शरीराची, मनाची, नात्यांची व आत्म्याची असते, असे त्या शिकवीत. शरीराच्या वेदनेवर औषध आहे. ते वेळच्या वेळी द्यावे, सोसण्याला विश्वास समजू नये. बाकीच्या वेदनांसाठी माणूस जवळ लागतो. मुंबईत वांद्रे येथे १९८६ साली शांती आवेदना सदन उघडले. परंतु पुष्कळ रोगी आपल्याच आळीत, आपल्याच घरी असतात.

तेथे जाऊन खाटेजवळ बसावे. तो मरणाविषयी बोलू लागला तर विषय बदलू नये. कोणाशी अबोला असेल, कोणाची क्षमा मागायची असेल, तर त्या माणसाला बोलावून आणावे. वधस्तंभावर असतानाही प्रभूने आपल्या आईची सोय लावली (योहान १९:२६-२७). रोग्यालाही घरच्यांची निरवानिरव करू द्यावी. रात्री जागणाऱ्या पत्नीला दोन तास झोप मिळेल असे पाहावे. शब्बाथशाळेच्या शिक्षकांनो, त्या घरचे लेकरू आपल्या वर्गात बसते आणि त्यालाही कोणी काही सांगितलेले नसते. त्याला जवळ घ्या.

हे प्रभो, आमच्या डोळ्यांवरची झोप दूर कर आणि तुझ्या दुःखणाईत लेकरांजवळ आम्हांला जागे ठेव. आमेन.