न झालेल्या लढती

मुष्टियोद्धा जिमी वाइल्ड शेवटचा रिंगणात उतरला १९२३ मध्ये. पास्कुआल पेरेझ जन्मला १९२६ मध्ये. तरी संगणकावर दोघांची लढत लावता येते: पंधरा फेऱ्या, फ्लायवेटचे जगज्जेतेपद पणाला, प्रत्येक फेरीचे गुण वेगळे. निकालही लागतो.

हा पोरखेळ म्हणून सोडून देणाऱ्यांशी माझे पटत नाही. कोल्हापुरात तालमीच्या कट्ट्यावर गामाची जोड आजच्या मल्लाशी लावली जाते. कोलकात्यात अड्ड्यावर १९११ चा मोहन बागान फुटबॉल संघ आजच्या संघाविरुद्ध उतरतो. काळाने ज्यांची गाठ पडू दिली नाही, त्यांची गाठ आपण घालून द्यावी, या ओढीत न्यायाची भूक आहे.

*

घडलेली लढत खरी आणि कल्पिलेली खोटी, इतके हे सोपे नाही.

१८ जून १९२३, न्यूयॉर्कचे पोलो ग्राउंड्स. फिलिपिन्सच्या पांचो व्हिलाने सातव्या फेरीत वाइल्डला पाडले आणि जगज्जेतेपद घेतले. वाइल्ड तेव्हा ३१ वर्षांचा होता आणि दोन वर्षांहून अधिक काळ लढलेला नव्हता. व्हिला २१ चा. डिसेंबर १९१६ मध्ये लंडनला यंग झुलू किडला हरवून जो जगज्जेता झाला, त्या वाइल्डशी व्हिलाची भेट कधी झालीच नाही. रिंगणात दोन माणसे आली होती, पण त्यातल्या एकाचे वय चुकले होते.

मग व्हिलाचेही चुकले. दाताचा संसर्ग घशात उतरला आणि १४ जुलै १९२५ रोजी तो गेला. वय २३. दहा दिवसांपूर्वीच तो सुजलेल्या चेहऱ्याने जिमी मॅक्लार्निनशी लढून हरला होता. यंत्रात त्याची ताकद भरताना जो आकडा घालतात, तो या तेवीस वर्षांतूनच काढावा लागतो. मरणाने मध्येच थांबवलेला आलेख यंत्राला पूर्ण झालेला दिसतो.

*

फ्लायवेट म्हणजे ११२ पौंड, ५०.८ किलो. लंडनच्या नॅशनल स्पोर्टिंग क्लबने १९०९ मध्ये हा गट ठरवला. त्याआधीही या वजनाची माणसे होती आणि लढतही होती. फक्त आपल्यापेक्षा जड माणसांशी.

वाइल्ड तर ११२ चाही क्वचितच भरे. वेल्सच्या कोळसा खाणीत वाढलेला हा पोर जत्रेतल्या तंबूत उभा राही आणि गर्दीतून जो पुढे येईल त्याच्याशी लढे. त्याच्या नोंदलेल्या लढती दीडशेच्या आसपास आहेत. तंबूतल्या शेकडो त्यात नाहीत. आणि त्याचा हात घडला तो त्या तंबूतच.

ज्याच्याबद्दल सर्वांत जास्त लिहिले गेले त्या फ्लायवेटचीही ही गत. हलक्या माणसाची नोंद हलक्या हाताने होते.

*

यंत्राला तटस्थ मानण्याची घाई नको. १९७० च्या जानेवारीत अमेरिकेतल्या चित्रपटगृहांत रॉकी मार्सियानो आणि मुहम्मद अली यांची ‘संगणकाने ठरवलेली’ लढत दाखवली गेली. दोघांनी कॅमेऱ्यापुढे खरोखर हातमोजे चढवले होते आणि शेवट एकाहून अधिक चित्रित केले होते. अमेरिकेच्या पडद्यावर मार्सियानो तेराव्या फेरीत जिंकला. युरोपात दाखवलेल्या आवृत्तीत अली जिंकला. मार्सियानो निकाल बघायला नव्हता. ३१ ऑगस्ट १९६९ ला विमान अपघातात तो गेला होता.

*

आता कोलकाता.

केंब्रिजला शिकलेले, पहिल्या महायुद्धात लढलेले परेशलाल रॉय परत आले आणि या शहरातल्या पोरांच्या हातात त्यांनी हातमोजे दिले. भारतीय मुष्टियुद्धाचे जनक म्हणून त्यांचे नाव घेतात. त्यांचा धाकटा भाऊ इंद्रलाल वैमानिक होता; जुलै १९१८ मध्ये एकोणिसाव्या वर्षी तो आकाशात पडला. परेशलालांनी मागे राहिलेले आयुष्य दुसऱ्यांच्या मुलांना उभे राहायला शिकवण्यात घातले. मला हा माणूस फार मोठा वाटतो.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारत मुष्टियुद्धात पहिल्यांदा उतरला. फ्लायवेटमध्ये होता बंगालचा रॉबिन भट्टा. चार वर्षांनी हेलसिंकीला त्याच गटात बंगालचाच शक्ती मजुमदार.

लंडनच्या त्या गटात पास्कुआल पेरेझही होता. वजनाच्या वेळी त्याची आर्नोल्डो पारेस या सहकाऱ्याशी गल्लत झाली आणि तो बाद होता होता वाचला. मग त्याने सुवर्णपदक घेतले आणि १९५४ मध्ये टोकियोला योशिओ शिराईला हरवून जगज्जेता झाला. आज फ्लायवेटच्या प्रत्येक काल्पनिक स्पर्धेत त्याला मानाची जागा असते.

भट्टा त्याच वर्षी, त्याच शहरात, त्याच ५१ किलोंच्या मर्यादेत काट्यावर उभा राहिला होता. त्याला कोणी बोलावत नाही. यात कोणाचा आकस नाही. या यंत्रांना व्यावसायिक लढतींची लांब यादी लागते, आणि आपली मुले हौशी होती. तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या लढायच्या आणि सोमवारी कामावर जायचे. यादी लागते तिथे यादी नसलेला माणूस दुबळा ठरत नाही, तो नसतोच. हरण्यापेक्षा हे वाईट.

*

कोलकात्यात खिदिरपूरच्या गल्ल्यांत आज मुली ठोसे शिकतात. त्यांच्यापुढे मेरी कोमचे नाव आहे. मेरीची २०१२ पर्यंतची जगज्जेतेपदे ४८ किलो आणि त्याखालची. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये स्त्रियांसाठी गट तीनच ठेवले, सर्वांत हलका ५१ चा. ती वर चढून लढली आणि तिने कांस्य आणले. उद्या कोणी तिला काल्पनिक रिंगणात उतरवेल तेव्हा कोणत्या वजनाची मेरी घेणार? स्वतःच्या वजनाची की संयोजकांनी लादलेल्या? फ्लायवेटच्या यादीत ती कांस्यपदकवाली दिसेल, आणि ते तीन किलो कोणत्याच रकान्यात बसणार नाहीत.

*

मला एकच जोड लावायची आहे. भट्टा आणि मजुमदार. तीन फेऱ्या, कोलकात्याच्या मैदानाच्या बाजूला कुठेतरी, पंच म्हणून परेशलाल रॉय.

त्यासाठी संगणक आहेच, माहिती मात्र माणसांकडे आहे. भट्टाला १९४८ मध्ये पंधराव्या वर्षी पाहिलेला पोरगा आज नव्वदी ओलांडून गेला असेल. बालीगंजला असेल, बेहालाला असेल, मुलाकडे पुण्यात येऊन राहिला असेल. त्याच्याकडे जाऊन बसावे आणि विचारावे: भट्टाचा डावा हात आधी यायचा का? तिसऱ्या फेरीत तो पुढे सरकायचा की दोरांना टेकायचा? मजुमदार मार खाल्ल्यावर कसा बघायचा? आणि तो सांगेल ते तारखेसकट लिहून घ्यावे, या हिवाळ्यातच.