वाडीला ठाऊक, घेणाऱ्याला नाही

कुडाळ तालुक्यातल्या वालावलला येणारा पाहुणा बहुधा हिवाळ्यात येतो. लक्ष्मीनारायणाचे देऊळ, त्याला लागून असलेले तळे, कर्लीची खाडी, माडांच्या बागा हे सगळे बघितले की इथे एखादे जुने कौलारू घर मिळेल का, अशी चौकशी तो करू लागतो. घर मिळतेही. मुंबईत स्थिरावलेल्या चाकरमान्यांची कुलूपबंद घरे कोकणात गावोगाव आहेत, आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये चिपीचा विमानतळ सुरू झाल्यापासून या पट्ट्यातल्या जमिनीकडे बाहेरच्यांची नजर जास्तच वळली आहे. पण जानेवारीत पाहिलेले घर आणि जुलैतले घर यांत फार अंतर असते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो तिथे जांभ्याची भिंत पाणी पिते. डोंगराच्या अंगाला असलेली मागची पडवी श्रावण संपला तरी ओली राहते. आढे बाहेरून धड दिसते आणि आतून वाळवीने पोखरलेले असते. विहीर खाडीजवळ असली तर वैशाखात तिचे पाणी मचूळ होते. हे सारे घरमालकाला ठाऊक असते. शेजाऱ्याला, गड्याला, माड काढायला येणाऱ्याला, सगळ्या वाडीला ठाऊक असते. घेणारा तेवढा अंधारात असतो.

आपल्याकडे अशा वेळी 'घेणाऱ्याने बघून घ्यावे' असे सहज म्हटले जाते. कायद्याचे म्हणणे तसे नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा. त्याच्या कलम ५५ प्रमाणे, विकणाऱ्याला माहीत असलेला, घेणाऱ्याला माहीत नसलेला आणि साधारण काळजी घेऊनही त्याच्या ध्यानात न येणारा महत्त्वाचा दोष विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे. तो दोष वास्तूतला असो की मालकीतला. न सांगणे हे कपट समजले जाईल, हेही त्याच कलमात स्पष्ट आहे. २०१६ च्या रेरा कायद्याने बिल्डरला ताब्यापासून पाच वर्षांपर्यंत बांधकामातल्या दोषांसाठी जबाबदार धरले. पण आजोबांचे घर विकणारा नातू बिल्डर नव्हे. त्याच्या व्यवहाराला हा दीडशे वर्षांकडे झुकलेला जुना कायदाच लागू होतो, आणि माझ्या मते तो पुरेसा कडक आहे.

खरा प्रश्न 'साधारण काळजी' कशाला म्हणायचे, हा आहे. शहरात कागद तपासले, इमारत एखाद्या इंजिनियरला दाखवली की बरेचसे कळते. कोकणातल्या गावात घराविषयीची बरीच माहिती कागदावर नसतेच, ती माणसांपाशी असते. खळ्यातून जाणारी वाट मागच्या चार घरांची आहे, आणि वीस वर्षांहून जास्त काळ निर्वेध वापरली गेल्यामुळे ती आता कोणाला बंद करता येणार नाही, हे सातबारा सांगत नाही. विहिरीवर शेजारणीचा पाण्याचा हक्क आहे, हे घरपट्टीच्या पावतीवर लिहिलेले नसते. जिथे माहिती बोलण्यातच राहते तिथे मालक गप्प राहिला तर ती मिळण्याचा रस्ताच बंद होतो. म्हणून शहरातल्यापेक्षा इथल्या विक्रेत्यावर बोलण्याची जबाबदारी जास्त आहे, असे मी मानतो.

भिंतीतली ओल निदान पहिल्या पावसात उघडी पडते. मालकीतला दोष कधी वीस वर्षांनी उघडा पडतो. कोकणातली घरे बहुधा गावठाणात एकाला एक लागून नसतात, आपापल्या भरडात, बागेत विखुरलेली असतात. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर घर एकाच्या नावाने असते आणि त्याखालची जमीन सातबाऱ्यावर सामायिक, वीस-पंचवीस नावांची. घरपट्टीची नोंद म्हणजे मालकी नव्हे. दस्त नोंदवला गेला म्हणजे सरकारने मालकीची हमी दिली, असेही होत नाही. त्यातच मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ४४ सांगते की अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घराचा हिस्सा परक्याने घेतला, तरी कुटुंबाबरोबर त्या घरात राहण्याचा हक्क त्याला मिळत नाही. एका भावाकडून 'घर' घेतलेल्या माणसाच्या हाती शेवटी वाटपाचा दावा येतो.

आणि बहिणी. वडील गेल्यावर फेरफारात भावांचीच नावे लागली, बहिणींची राहिली किंवा राहू दिली, असे कितीतरी सातबारे आहेत. हिंदू वारसा कायद्यात ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे. वडील त्याआधी वारले असले तरी तो हक्क टिकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात सांगितले. तरीही घर विकताना 'बहिणींचे काही म्हणणे नाही' एवढ्यावर भागवले जाते. ज्या बहिणीने हक्कसोडपत्रावर सही केलेली नाही तिच्याविषयी मौन बाळगणारा भाऊ एकाच वेळी दोघांना फसवतो. ज्याचे पैसे घेतो त्याला, आणि जिच्याबरोबर त्याच खळ्यात वाढला तिला. घरविक्रीतल्या सगळ्या लपवालपवीत मला हीच सर्वांत वाईट वाटते.

हा वाद जुना आहे. इसवी सनापूर्वी ४४ साली लिहिलेल्या कर्तव्यावरच्या ग्रंथात रोमन विचारवंत सिसेरोने असेच एक घर उदाहरणादाखल घेतले आहे: लाकूड कुचके, खोल्यांतून साप, हवा रोगट, आणि हे फक्त मालकाला ठाऊक. स्टोइक पंथातले गुरू डायोजिनिस म्हणत, न सांगणे म्हणजे लपवणे नव्हे, घे म्हणून कोणी बळजबरी केलेली नाही. शिष्य अँटिपेटर म्हणे, चुकत असलेल्याला वाट न दाखवण्याहूनही हे वाईट, कारण इथे माणसाला जाणूनबुजून चुकीच्या वाटेला लावले जाते. सिसेरोने कौल शिष्याच्या बाजूने दिला. मीही तिकडेच आहे, पण आणखी एका कारणासाठी. वाडीत घर घेणारा माणूस नुसती वस्तू विकत घेत नाही, तो शेजारी होतो. त्याच्याशी पहिला व्यवहार दडवादडवीचा झाला तर पुढे बांधावरच्या प्रत्येक बोलण्यात तोच संशय उभा राहतो, आणि तो निस्तरावा लागतो मागे राहिलेल्या शेजाऱ्यांना. विकणारा तर गेलेला असतो.

घराविषयी गावात जे बोलले जाते त्याचे काय? अमुक जागेत देवचाराची वाट आहे, राखणदाराला दरवर्षी नारळ द्यावा लागतो. माझा त्यावर विश्वास असो वा नसो, ते सांगितले पाहिजे. न्यूयॉर्क राज्यातल्या नायॅक गावच्या एका घराचा खटला प्रसिद्ध आहे. घरात भुते असल्याचे मालकिणीने स्वतःच वर्तमानपत्रांना आणि मासिकाला सांगितले होते, बाहेरगावच्या ग्राहकाला मात्र नाही. १९९१ मध्ये अपील न्यायालयाने त्याची करार रद्द करण्याची मागणी ग्राह्य धरली. नुकसानभरपाई नाकारली. त्या निकालात एक कारण असे आहे की ग्राहक तिथला नसल्याने त्याला ही गोष्ट सहज कळण्यासारखी नव्हती. भुते आहेत की नाहीत यापेक्षा घराचा लौकिक काय आहे आणि तो कोणाला माहीत आहे, याला तिथे महत्त्व आले. राखणदाराचा नारळ चुकला म्हणून नव्या मालकाकडे रागाने बघणारी वाडी भुताहून जास्त खरी असते.

विकणाऱ्याची अडचण मला दिसते. आजारपण, मुलाचे शिक्षण, मुंबईतल्या खोलीचे कर्ज यांतून घर विकायला निघालेल्या माणसाला पाच दोष सांग म्हणणे सोपे नाही. भाव पडतो. शिवाय समोरचा बहुधा त्याच्यापेक्षा पैशाने मोठा, वकील आणि दलाल बरोबर घेऊन आलेला असतो. म्हणूनच कलम ५५ चा दुसरा, कोणी न वाचणारा भाग मला महत्त्वाचा वाटतो. विकणाऱ्याच्या हक्काविषयी त्यालाच माहीत नसलेली, पण किमतीत मोठी भर घालणारी गोष्ट घेणाऱ्याला ठाऊक असेल, तर त्यानेही ती सांगितलीच पाहिजे. तीस वर्षे गावाकडे न फिरकलेल्या चाकरमान्याला आपला हिस्सा कोणकोणत्या सर्व्हे नंबरांत आहे हे माहीत नसते. दलालाने मात्र सगळे उतारे काढलेले असतात. शेजारच्या नंबरातही याचा हिस्सा आहे हे कळूनही गप्प बसून सगळे एका घराच्या भावात लिहून घेणे हेही त्याच कलमाखाली कपटच आहे. विमानतळ जवळ आला म्हणून पुढे भाव किती चढेल, हे सांगण्याचे बंधन कायदा घालत नाही, आणि घालूही नये. बाजाराचा अंदाज ज्याचा त्याने बांधावा.

दस्तात 'मिळकत आहे त्या स्थितीत' असे लिहून सगळ्यातून मोकळे होण्याची पद्धत आहे. करारात वेगळे ठरवण्याची मुभा कायदा देतो हे खरे, पण जाणूनबुजून दडवलेल्या गोष्टीवर ते वाक्य पांघरूण घालू शकते असे मला वाटत नाही. त्यापेक्षा साठेखतालाच एक पान जोडावे: कुठे ओल येते, कोणते वासे बदलायला झाले आहेत, वाट कोणाची, विहीर कोणाची, देवाचे देणे काय, सातबाऱ्यावर नावे कोणाची आणि त्यांतल्या कोणाच्या सह्या अजून बाकी आहेत. वाशांचा खर्च किमतीतून वजा होईल, होऊ द्यावा. बहिणींच्या सह्यांसाठी ठाण्याला, बडोद्याला, सासरी जिथे असतील तिथे जावे लागेल. बयाणा घेण्याआधी जावे, आणि त्यांचा वाटा काय ठरला तेही त्याच पानावर लिहावे.